काठ न दुमडलेलं ठिगळ

मास्तरांनी जन्मात दुसऱ्याने शिवलेलं काही अंगावर चढवलं नव्हतं, आणि आता थेट अंगाच्या आतच दुसऱ्याने शिवलेलं ठिगळ बसणार होतं. ऑपरेशनची भीती अशी त्यांना नव्हतीच. भीती होती ती शिवणीची.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधे एक दार. ते दार कधी लागत नसे, कारण त्याच्यावर कायम कुणाचा तरी कोट टांगलेला असे. गावातल्या निम्म्या माणसांच्या कमरेचं माप मास्तरांना तोंडपाठ होतं आणि उरलेल्या निम्म्यांचं ते नुसतं बघून सांगत. असा माणूस स्वतःच्या पोटाच्या भिंतीला भोक पडलं हे किती दिवस मान्य करणार?

कापडाचे जड तागे उचलून उचलून उजव्या जांघेत एक फुगवटा आला होता. उभं राहिलं की बाहेर, आडवं पडलं की आत. एखादा भिडस्त पाहुणा दारातून डोकावून परत जातो, तसं त्याचं चाललं होतं. मास्तरांनी त्यावर स्वतःच इलाज केला. सभागृहाच्या जुन्या पडद्याची मरून मखमल उरली होती, तिचा एक पट्टा शिवला. आतून सुती अस्तर, जागेवर कापसाची घट्ट गादी, दोन्ही बाजूंना पितळी बकला. पट्टा इतका देखणा झाला की तो विजारीच्या आत घालावा लागतो याचंच मास्तरांना वाईट वाटे.

पट्ट्याने बरीच वर्षं तग धरली. मग एका सकाळी तो पाहुणा बाहेर आला आणि आत जाईना. मास्तर घामाने निथळले, त्यांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, त्यांना आडवं केलं, आणि बऱ्याच विनवण्यांनंतर तो गेला एकदाचा. त्याच दुपारी बाईंनी त्यांना रुग्णालयात नेऊन बसवलं.

"हर्निया आहे. पुढच्या वेळी आतडं अडकलं तर रात्री-अपरात्री धावावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जाळी बसवून टाकू."

या डॉक्टरीणबाईंचा शाळेचा गणवेश मास्तरांनीच शिवलेला. "सरळ उभी राहा, श्वास सोड," असं म्हणून त्यांनी तिच्या खांद्याचं माप घेतलं होतं. आता तीच मुलगी हातमोजे चढवून म्हणत होती, "सरळ उभे राहा मास्तर, श्वास सोडा." मास्तर उभे राहिले आणि समोरच्या भिंतीवरच्या यकृताच्या चित्राकडे पाहत राहिले. त्या चित्राचे सगळे बारकावे त्यांना पुढे कायमचे लक्षात राहिले.

"जाळी बघू जरा," विजार सावरून झाल्यावर ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी खणातून नमुन्याचा तुकडा काढून दिला. मास्तरांनी तो उजेडात धरला. अंगठ्याने ताणला. आडवा ओढला, उभा ओढला. मग चष्मा कपाळावर सरकवून खेदाने मान हलवली.

"वीण फार सैल आहे. आरपार दिसतंय. आणि हे काय, काठ दुमडलेलाच नाही? नुसता कात्रीने कापलाय. दोन धुण्यांत उसवेल."

"धुवायची नाहीये ती, मास्तर."

"ठेवून जा. मी रात्रीत चारी बाजूंनी तुरपाई करून देतो. अगदी नाजूक टाका, टोचणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी तुकडा खणात परत ठेवला आणि खण लावून घेतला.

आता इथे सभागृहाच्या पडद्याबद्दल सांगायला हवं, कारण मास्तरांचा खरा जीव त्यात अडकला होता. गावच्या सभागृहाचं नूतनीकरण झालं होतं आणि रंगमंचाला नवा पडदा हवा होता. जुना पडदा मास्तरांनी तरुणपणी शिवलेला. नव्याचं कामही सभागृहाच्या सेक्रेटरींनी त्यांनाच दिलं, पण एका अटीवर. उद्घाटनाच्या दिवशी पडदा टांगलेला पाहिजे. नाहीतर हमरस्त्यावरच्या शोरूममधून तयार पडदा येईल. ती शोरूम मास्तरांच्या साडूंची होती.

साडू म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नव्हता. मास्तरांच्या आधी प्रत्येक गोष्ट करून ठेवायची त्याला खोड होती, एवढंच. गाडी आधी, चष्मा आधी, आणि हर्नियासुद्धा आधी. तोही दुर्बिणीतून.

"तुमचं उघडं ऑपरेशन का?" साडूंनी चौकशीला येऊन विचारलं. "माझं तीन भोकांत झालं. संध्याकाळी शोरूममध्ये हजर."

"हजर होतात, भाऊजी, पण सोफ्यावर झोपून," बाई चहा ठेवत म्हणाल्या. "धाकटी आपली गिऱ्हाईकं बघत होती."

ऑपरेशन कमरेत सुई देऊन झालं. कमरेखालचं सगळं परक्याचं झालं, पण डोकं जागं. छातीपुढे एक हिरवं कापड आडवं टांगलेलं. मास्तरांनी आधी त्या कापडाची शिवण तपासली, ती वाकडी निघाली, आणि त्यांचा उरलासुरला विश्वास उडाला.

"टाके किती घालताय?" त्यांनी पडद्याआडून विचारलं.

"लागतील तेवढे."

"दोरा दुहेरी घ्या. आणि शेवटी गाठ मारायला विसरू नका. नवशिके तिथेच चुकतात."

"मास्तर," पलीकडून आवाज आला, "तुम्ही माप घेताना आम्हाला बोलू देत होता का?"

हे खरं होतं. मास्तर हिरव्या कापडाचे वाकडे टाके मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की जड उचलू नका, बाकी चाला, फिरा, जिने सावकाश चढा, पाणी भरपूर प्या. मास्तरांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि उरलेल्या वेळात ते हिशेब करत बसले. हिशेब त्यांच्या धंद्याचा होता आणि त्या दृष्टीने बिनचूक होता. ठिगळ शिवलं त्या दिवशी सगळ्यात मजबूत असतं. पुढे प्रत्येक वापराला ते थोडं थोडं झिजतं. विजारीच्या गुडघ्याचं ठिगळ टिकवायचं असेल तर ती विजार कमी घालावी, हे तर लहान मुलालाही कळतं. त्यातून या ठिगळाची वीण सैल, काठ न दुमडलेला. म्हणजे ते जन्मभर पुरवायचं तर वापरायचंच नाही.

मास्तरांनी स्वतःला घडी घालून ठेवायचं ठरवलं.

ते पलंगावर उताणे पडले आणि तिथून संसाराचा कारभार बघू लागले. हसायचं नाही, कारण हसताना पोट ताणतं. शिंक आली तर नाक दाबून, जांघेवर उशी धरून, डोळे मिटून ती परतवून लावायची. खोकला तर त्यांनी सरळ बंदच केला. घशात काही आलं की ते एक विचित्र हुंकार काढत, आणि शेजारच्या घरातली मांजर दचकून उठे.

शेजारी मदतीला होतेच. पलीकडचे निवृत्त बँकवाले म्हणाले, "अजिबात हलू नका. माझ्या मेहुण्याचे टाके नुसता पेपर उलटताना तुटले." समोरच्या खानावळवाल्या म्हणाल्या, "हलला नाहीत तर आत सगळं चिकटून बसेल." कोपऱ्यावरचा सायकलवाला सगळ्यांत आशावादी होता. तो म्हणाला, "ट्यूबला पंक्चर काढलं की तेवढीच जागा पुन्हा कधी फुटत नाही, मास्तर. फुटते ती शेजारची." मास्तरांनी या सगळ्यांतून बँकवाल्यांचा सल्ला घेतला, कारण तो त्यांना आधीच पटलेला होता.

पडून राहण्याचा एक परिणाम असा झाला की पोटाने काम करायचं थांबवलं. हा विषय नाजूक आहे आणि मास्तरांची प्रतिष्ठा राखून तो सांगायचा तर इतकंच म्हणता येईल, की जोर करायचा नाही असा निश्चय केलेल्या माणसाला रोज सकाळी जोर करण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं. मास्तर आत जात, विचार करत आणि बाहेर येत.

"फिरा जरा म्हणजे मोकळं होईल," बाई म्हणत.

"तुला काय कळतं ठिगळातलं?"

"मला? जन्मभर तुमच्या गिऱ्हाइकांच्या पँटींना तुरपाई कोण करतंय?"

अशातच मखमल आली. मरून रंगाचे भलेमोठे तागे दोन माणसांनी उचलून दुकानात आणून टाकले, तशी पुढची खोली संपली आणि मखमल मधल्या दारापर्यंत आली. उद्घाटन तोंडावर आलेलं. पाय-मशीनवर बसायचं म्हणजे पायडल मारायचं, पायडल मारायचं म्हणजे जांघ हलणार, आणि जांघ हलली की काठ उसवणार. मास्तरांनी तोडगा काढला. मशीनवर बाई बसतील, डोकं मास्तरांचं चालेल.

पलंग मधल्या दाराशी सरकवला. मास्तर उताणे पडून, मान उलटी करून, उलट्या जगात चाललेल्या शिवणकामावर हुकूम सोडू लागले.

मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर ती मऊ लागते, उलटा फिरवला तर अंगावर येते, आणि एका बाजूने बघितली तर गडद, दुसऱ्या बाजूने फिकी दिसते. मोठ्या पडद्यात सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर दिव्याखाली पट्टे पट्टे दिसतात. हे मास्तरांनी बाईंना अनेकदा सांगितलं होतं, आणि बाईंनाही ते माहीत होतं.

"अहो, ही पट्टी उलटी लागतेय," मधल्या पट्टीला बाई थांबल्या.

"सरळ आहे. मला इथून दिसतंय ना."

"तुम्ही उलटे पडलाय."

"मी उलटा पडलो म्हणून लव उलटी होत नाही. शिव."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा मखमलीकडे पाहिलं आणि पायडल मारलं. त्या पायडलाच्या आवाजात एक सूर होता, जो लग्न झालेल्या सगळ्या पुरुषांना ओळखता येतो. मास्तरांना तो ऐकू आला. पण मखमलीबद्दल माघार घेणं हे त्यांच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

मग एका सकाळी अंघोळीच्या वेळी मास्तरांना ते दिसलं. जांघेत, अगदी जुन्याच जागी, फुगवटा आला होता. आणि त्याच्या आसपासचा, किंबहुना त्याच्या खालचाही, म्हणजे ज्या प्रदेशाचं नाव घराबाहेर घेत नाहीत तिथपर्यंतचा सगळा मुलूख पडद्याच्या मखमलीसारखा मरून झाला होता.

"उसवलं," मास्तर दारातून म्हणाले. आवाज शांत होता. जाळी खणात परत ठेवणाऱ्या डॉक्टरीणबाई चुकल्या आणि आपण बरोबर ठरलो, असं एक भारदस्त समाधान त्या शांततेत होतं.

बाईंनी बहिणीला फोन केला आणि थोड्याच वेळात साडू गाडी घेऊन आले. मास्तर उशी जांघेवर धरून, दोन्ही पाय जुळवून, लहान लहान पावलं टाकत दुकानातून निघाले. साडू मात्र दुकानात थबकले. कपाटापासून खिडकीपर्यंत पसरलेल्या पडद्याकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, मग वाकून मधल्या पट्टीवरून हात फिरवला.

"मास्तर, ही लव उलटी लागलीये."

बाई काही बोलल्या नाहीत. न बोलण्याचीही एक तऱ्हा असते. मास्तरांना त्या क्षणी जांघेपेक्षा जास्त तिथे लागलं.

रुग्णालयात खिडकीवर एक गृहस्थ बसले होते. नेमून दिलेल्या वारी आलेल्यांनाच आत सोडायचं, एवढं एकच काम त्यांना होतं आणि ते ते मनापासून करत होते.

"तुमचा वार परवाचा आहे."

"फुगवटा आज आलाय."

"तक्रार काय?"

मास्तरांनी मागे पाहिलं. रांगेत त्यांचीच गिऱ्हाइकं होती. दोघांच्या अंगावर तर त्यांनीच शिवलेले कोट होते. त्यांनी आवाज खाली आणला. "ठिगळ उसवलंय."

"कपड्यांचं काम धुलाईघरात. तळमजल्यावर, डाव्या हाताला."

मास्तर समजावणार होते, पण समजावायचं तर जागेचं नाव घ्यावं लागणार होतं. त्यांनी मान ताठ केली आणि तळमजल्यावर गेले. धुलाईघरातल्या मावशींनी त्यांना नवीन टेलर समजून त्यांच्यापुढे हिरव्या कापडांचा ढीग टाकला. "ह्या सगळ्यांची शिवण सुटलीये, आधी हे घ्या." मास्तरांनी एक कापड उचलून पाहिलं. तीच वाकडी शिवण. "दोरा कच्चा आहे, टाका लांब पडलाय," त्यांनी सांगितलं. बाई येऊन त्यांना हाताला धरून वर नेईपर्यंत त्यांनी तीन कापडांवर खडूने खुणा करून ठेवल्या होत्या. खडू त्यांच्या खिशात कायम असे.

खिडकीवर या वेळी बाई उभ्या राहिल्या. "जांघेचा हर्निया, ऑपरेशन झालंय, सूज आलीये," त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं. रांग आदराने बाजूला झाली. मास्तर त्या वाटेने, वरातीतल्या नवऱ्यामुलासारखे खाली मान घालून, आत गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दाबून पाहिलं.

"पाणी साचलंय थोडं. आपोआप जिरेल. आणि हा रंग म्हणजे ऑपरेशनचं रक्त खाली उतरलंय. दिसतं भयंकर, असतं साधं. आता उभे राहा आणि खोका."

"नाही."

"काय नाही?"

"खोकणार नाही. ऑपरेशन झाल्यापासून मी खोकलेलो नाही."

डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. मग दबलेला बांध फुटावा तसं सगळं सांगून टाकलं. पलंग, उशी, परतवलेल्या शिंका, सकाळची ती मौन बैठक, उताण्या अंगाने चाललेलं शिवणकाम. साडू दाराशी उभे राहून मन लावून ऐकत होते.

"मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझा हात आहे जागेवर. खोका."

"काठ दुमडलेला नाही हो तिचा."

"खोका."

मास्तरांनी डोळे मिटले. एवढ्या दिवसांचा साठलेला खोकला होता. तो सुटला तेव्हा टेबलावरचे कागद उडाले आणि बाहेरच्या बाकावरचं एक मूल रडायला लागलं. मास्तर वाट बघत राहिले. काही झालं नाही. काही बाहेर डोकावलं नाही. दुखलं थोडं, पण ते अंग आंबल्यासारखं दुखलं.

"जाळी जागच्या जागी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता ऐका. तुम्ही तिला ठिगळ समजताय. ठिगळ पहिल्या दिवशी मजबूत आणि मग झिजत जातं, बरोबर? हिचं उलट आहे. पहिल्या दिवशी ही नुसती टाचलेली असते. वीण सैल ठेवलीये ती मुद्दाम, त्या भोकांतून तुमचं मांस वाढत जातं. दिवसेंदिवस घट्ट होते. मी नुसता कच्चा टाका घातलाय. रफू तुमचं शरीर करतंय."

रफू हा शब्द त्यांच्या आत कुठेतरी नीट जाऊन बसला. चांगलं रफू कसं असतं ते त्यांना ठाऊक होतं. एक एक धागा आडवा-उभा ओवत जायचा आणि शेवटी बोट फिरवून भोक कुठे होतं ते सापडू नये.

"म्हणजे काठाची गरजच नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

"नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही तुरपाईचं बोलत होतात."

"मशीनवर बसू का?" मास्तरांनी विचारलं.

"बसा. थोडं थोडं करा, मधे उठून फिरा, दुखलं की थांबा. फक्त तो पडदा उचलायचा नाही. अजून काही आठवडे नाही म्हणजे नाही. आणि पोट साफ व्हायला औषध देते, उगीच जोर करू नका."

परतताना गाडीत साडूंनी घसा खाकरला. "सेक्रेटरींचा फोन आला होता काल. तुमची तब्येत विचारत होते."

"मग?"

"मी म्हटलं, झोपूनच आहेत. खोटं कसं बोलणार? ते म्हणाले, तयार पडदा बाजूला काढून ठेवा. मी म्हटलं, ठेवतो."

"काढून ठेवलात?"

"इस्त्रीसुद्धा केलीये," साडू म्हणाले, आणि त्यांनी गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवायला लागले. रुग्ण गाडीत आहे म्हणून की विषय अवघड आहे म्हणून, ते कळलं नाही.

मास्तर घरी येऊन थेट मशीनवर बसले. बाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. त्यांनी एक पाय पायडलवर ठेवला, एक हात जांघेवर ठेवला, आणि जुन्या पुलावरून गाडी घालावी तसं चाक हाताने ढकललं. पायडल फिरलं. ओढ बसली, तुटलं काही नाही. पुन्हा फिरलं. मग त्यांनी जांघेवरचा हात काढून कापडावर ठेवला, आणि घरात एवढे दिवस नसलेला एक सरळ, एकसारखा आवाज सुरू झाला.

आधी मधली पट्टी उसवायची होती. उसवायला ताकद लागत नाही. लागतं ते फक्त मान खाली घालून बसणं, आणि मास्तर तसे बसले.

"तू म्हणाली होतीस," टाके तोडता तोडता ते म्हणाले.

"काय?"

"लव उलटी आहे म्हणून."

"ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या. "जरा मोठ्यांदा बोला. शेजारी बँकवाले घरी आहेत."

मास्तर मोठ्यांदा बोलले. मग बाईंनी खुर्ची ओढली आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं. पुढचे दिवस असेच गेले. मास्तर थोडं शिवायचे, उठून गल्लीच्या टोकापर्यंत फिरून यायचे, पुन्हा शिवायचे. बाई पडदा पुढे सरकवायच्या, चुण्या टाचायच्या, आणि मास्तर वाकून काही उचलायला गेले की नुसतं "अहो" म्हणायच्या. त्या एका शब्दात डॉक्टरीणबाईंचं सगळं शिक्षण मावलं होतं. फुगवटा हळूहळू उतरला. मरून मुलूख आधी हिरवा, मग पिवळा होत होत मूळ रंगावर आला. आणि एका सकाळी मास्तर त्या मौन बैठकीहून मागच्या दाराने आत आले ते शीळ घालत. बाईंनी काही विचारलं नाही. संसारात काही आनंद न बोलता वाटून घ्यायचे असतात.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी पडदा सभागृहात पोचला. घड्या घातलेला पडदा रंगमंचावर एखाद्या झोपलेल्या रेड्यासारखा पडला होता. सेक्रेटरी घड्याळ बघत होते. दोन मंचकामगार शिडीवर चढले आणि खालून टोक वर द्यायला तिसरं माणूस हवं झालं. मास्तरांचा हात आपसूक पुढे गेला.

"अहो," प्रेक्षागृहाच्या पहिल्या रांगेतून आवाज आला.

मास्तरांनी हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः शिवलेलं कापड दुसऱ्याला उचलताना त्यांना नुसतं बघावं लागणार होतं. ते सोपं नव्हतं.

साडू आलेच होते. त्यांचा इस्त्री केलेला पडदा बाहेर गाडीत होता, लागला तर असावा म्हणून. पण मास्तरांचा पडदा उलगडू लागला तसे ते जवळ आले, त्यांनी चुण्या पाहिल्या, मधल्या पट्टीवरून हात फिरवला आणि हात तसाच ठेवून उभे राहिले. त्या माणसाला कापड कळत होतं, हे मास्तरांनी कधी नाकारलं नव्हतं.

"व्हा बाजूला," साडू अस्तन्या सरसावत म्हणाले. "उघड्या ऑपरेशनवाल्यांचं हे काम नव्हे. मला होऊन जमाना झाला. दुर्बिणीचं आहे, ठणठणीत."

"दोघं मिळून उचला. मखमल भारी आहे."

"मी शोरूम चालवतो, मास्तर."

त्यांनी पडद्याचं टोक एकट्याने खांद्यावर घेतलं, गुडघे न वाकवता, एका हिसक्यात. वरच्यांनी ते धरलं. कड्या सरसर दांडीवर सरकल्या, मरून मखमल वरून खालपर्यंत एकसलग कोसळली, आणि दिवा पडताच सगळी एकाच रंगाची, एकाच दिशेला झुकलेली दिसली. कुठे पट्टा नाही, कुठे जोड नाही. सेक्रेटरी पहिल्यांदा घड्याळ विसरले. बाई खालून काही बोलल्या नाहीत, पण या न बोलण्याची तऱ्हा निराळी होती, आणि मास्तरांनी ती पुरेपूर ऐकली.

साडू मात्र खांबाला टेकून उभे होते. चेहरा पांढरा, हात डाव्या जांघेवर.

"काय झालं?"

"काही नाही. जरासं काहीतरी सरकलं."

"तुमचं तर उजवीकडचं झालं होतं."

"उजवं ठीक आहे," साडू अगदी बारीक आवाजात म्हणाले. "हे शेजारचं आहे."

मास्तरांना सायकलवाला आठवला. हसायला आता टाक्यांची हरकत नव्हती, पण ही हसायची वेळ नव्हती. बाहेर लोक येऊन बसायला लागले होते. खुर्च्या वाजत होत्या. मास्तरांनी साडूंना पडद्याआड एका खोक्यावर बसवलं, मग आडवं केलं. कोपऱ्यात त्यांची कामाची पिशवी होती. कात्री, खडू, टेप आणि तळाशी मऊ कापडात गुंडाळलेला तो मरून पट्टा. पडद्याच्या रंगाशी ताडून बघायला म्हणून तो आणला होता, असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं. पितळी बकला अजून चकचकीत होत्या.

"हे काय?"

"उलटा करून बांधला की डावीकडेही बसतो. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जाईपर्यंतच. त्याच्यावर वर्षं काढायची नाहीत, ती चूक मी केलीये." पट्टा बांधून झाल्यावर त्यांनी साडूंना हात देऊन उभं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि जागेवर हात ठेवला. "सरळ उभे राहा. श्वास सोडा. आता खोका."

"इथे? बाहेर लोक बसलेत."

"पडदा जाड आहे. मी शिवलाय."

साडू खोकले. बाहेर सभागृहात एकदम शांतता पसरली, कारण सगळ्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला.